रविवारी ट्रॅफिक कमी, ओझोन जास्त: लॉस एंजेलिसच्या ऐंशी वर्षांचं प्रकरण

लॉस एंजेलिसच्या हवेचे आकडे बघणाऱ्यांना १९७० च्या दशकातच एक गोष्ट खटकायला लागली होती. शनिवार-रविवारी ऑफिसची गर्दी नाही, डिझेलचे ट्रक कमी, गाड्यांतून येणारे नायट्रोजन ऑक्साइड खाली, म्हणजे हवा जरा बरी असायला हवी की नाही? पण ओझोनचे आकडे उलटेच. रविवारी दुपारचा ओझोन बऱ्याच ठिकाणी बुधवारपेक्षा जास्त. पहिल्यांदा ऐकलं की माणूस म्हणतोच, अहो यंत्र तपासा. यंत्र ठीक होतं.

हे कोडं नीट समजलं तर शहरातल्या ओझोनचं अर्धं गणित समजतं असं माझं मत आहे, म्हणून हेच प्रकरण घेतलंय. दुसरं कारण म्हणजे रेकॉर्ड. इतकं जुनं मोजमाप, इतके नियम, इतकी भांडणं आणि इतका अभ्यास दुसऱ्या कुठल्या शहराच्या ओझोनवर क्वचितच झाला असेल. आणि या सगळ्यातून एकच गोष्ट मला सारखी दिसत राहते: 'ओझोन कुठून येतो' या प्रश्नाला एक कायमचं उत्तर नाहीये, दर पंधरा-वीस वर्षांनी उत्तर बदलतं, कारण मोठा स्रोत दाबला की त्याच्या मागे लपलेला पुढे येतो.

केमिस्ट्री पटकन उरकू

वर आकाशात पंधरा-वीस-तीस किलोमीटरवर जो ओझोन आहे तो आपल्याला वाचवतो, त्याची ही गोष्ट नाही. ही गोष्ट नाकातोंडात जाणाऱ्या ओझोनची. आणि याची गंमत अशी की तो कुठल्याच धुराड्यातून बाहेर पडत नाही. गाडी ओझोन सोडत नाही, रिफायनरी सोडत नाही. तो हवेत शिजतो. सामान लागतं दोन प्रकारचं, एक नायट्रोजन ऑक्साइड म्हणजे नॉक्स, जे मुख्यतः काहीही जास्त तापमानाला जाळलं की तयार होतं, आणि दुसरं व्हीओसी, म्हणजे सहज उडून जाणारी सेंद्रिय संयुगं, पेट्रोलची वाफ, रंगाचा वास, झाडांचा वास, सगळं त्यातच. आणि चूल म्हणजे ऊन.

नायट्रोजन डायऑक्साइडवर ऊन पडलं की त्यातला एक ऑक्सिजनचा अणू सुटतो, तो हवेतल्या साध्या ऑक्सिजनला चिकटतो, झाला ओझोन. पण मागे उरलेला नायट्रिक ऑक्साइड तोच ओझोन परत खातो आणि हिशोब शून्यावर येतो. एवढंच असतं तर प्रश्नच नव्हता. व्हीओसी इथे मधे पडतात, ते हवेत तुटताना असे तुकडे तयार करतात की जे नायट्रिक ऑक्साइडला ओझोन न खाता परत डायऑक्साइड बनवून टाकतात, मग ओझोन खाणारा कमी आणि बनवणारा जास्त, आणि दुपारपर्यंत साठा वाढत जातो.

आता यातला वाकडा भाग लक्षात ठेवा, रविवारचं कोडं इथेच आहे. नॉक्स ओझोन बनवतं पण आणि मारतं पण. हवेत नॉक्सची भरमार असेल तर ते ओझोन खातं, शिवाय व्हीओसी तोडणाऱ्या हायड्रॉक्सिल रॅडिकललाच पकडून नायट्रिक ॲसिड बनवून बसतं, म्हणजे चुलीतला जाळच काढून घेतल्यासारखं. अशा शहरात थोडं नॉक्स कमी केलं तर ओझोन वाढतो. खूप कमी केलं की मग मात्र घसरतो. मधे एक टेकडी आहे आणि ती चढून पलीकडे उतरावं लागतं, एवढं समजलं तरी पुरे.

१९४३, आणि चुकीचा आरोपी

२६ जुलै १९४३. दुसरं महायुद्ध चालू. लॉस एंजेलिसच्या डाउनटाउनवर असं काही धुरकं उतरलं की काही चौकांपलीकडचं दिसेना, लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, घसा खवखवायला लागला. जपानने रासायनिक हल्ला केला की काय अशीसुद्धा शंका काहींना आली. मग संशय गेला कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाईन बनवणाऱ्या शहरातल्याच एका कारखान्यावर. लोकांच्या ओरडीमुळे तो काही काळ बंद ठेवला. धुरकं तसंच राहिलं. साप म्हणून भुई धोपटण्याचा हा पहिला नमुना, पुढे असे बरेच झाले.

त्यावेळी धूर म्हणजे कोळशाचा काळा धूर आणि गंधक, हीच समजूत होती, आणि ती उगाच नव्हती कारण बाकीच्या औद्योगिक शहरांचा अनुभव तोच होता. १९४७ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, हवा प्रदूषण नियंत्रणाचं खास खातं सुरू झालं, अमेरिकेतलं या प्रकारचं पहिलं. त्यांनी गंधक, धूर, कारखाने यांच्यावर कारवाई केली, ती गरजेची पण होती, पण डोळ्यातलं पाणी काही थांबलं नाही. एक गोष्ट मात्र लोकांच्या लक्षात येत होती. हे धुरकं तपकिरी होतं, ब्लीचसारखा वास येत होता, भरदुपारी उन्हात वाढायचं आणि रात्री कमी व्हायचं. कोळशाचा धूर असा वागत नाही. शिवाय भाजीच्या मळ्यांत पालकासारख्या पिकांची पानं चंदेरी-तपकिरी होऊन करपत होती, तीही नेहमीच्या गंधकाच्या करप्यासारखी नव्हती.

रबराची पट्टी

इथे आरी हागेन-स्मिट हा मूळचा डच माणूस येतो. कॅलटेक या तिथल्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत बायोकेमिस्ट, आणि काम काय तर अननसाला अननसाचा वास कशामुळे येतो ते शोधायचं. वास म्हणजे हवेत उडणारी अगदी थोडी संयुगं, ती गोठवून पकडायची आणि एकेक वेगळी करायची हे त्यांचं रोजचंच. तीच पद्धत त्यांनी बाहेरच्या हवेला लावली, अतिथंड सापळ्यातून हवा ओढली आणि खाली जमला तो घाण वासाचा तपकिरी द्रव. त्यात गंधक फारसं नाही, सापडली ती ऑक्सिजन चिकटलेली सेंद्रिय संयुगं. अर्धवट ऑक्सिडाइझ झालेलं पेट्रोलच म्हणा ना.

मग पुढचा प्रयोग, आणि हा मला फार आवडतो. काचेच्या भांड्यात पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजन डायऑक्साइड घ्यायचा, त्याच्यावर प्रकाश सोडायचा. ओझोन तयार होतो. मोजायचा कसा? महागडं यंत्र लागत नाही. रबराची पट्टी वाकवून ठेवायची. ताणलेल्या रबराला ओझोन लागला की बाहेरच्या वाकावर बारीक आडव्या चिरा पडतात, आणि चिरा पडायला किती वेळ लागला त्यावरून ओझोन किती ते कळतं. टायरच्या बाजू या शहरात लवकर तडकतात ही तक्रार आधीपासून होतीच, तिचं कारणही इथे मिळालं. त्यांनी याच हवेत रोपं ठेवून बघितली, पानांवर तेच चंदेरी डाग. १९५२ मध्ये त्यांचा मुख्य पेपर आला. आरोपी ठरले मोटारी आणि रिफायनऱ्या, आणि ऊन साथीदार.

अर्थातच ते लगेच कोणी मानलं नाही. तेल उद्योगाच्या पैशातून संशोधन करणाऱ्या एका संस्थेने त्यांच्या निष्कर्षांवर जाहीर शंका घेतल्या आणि काही वर्षं हा वाद चालला. वड्याचं तेल वांग्यावर काढायची सोय पण होती, कारण घराघरात मागच्या अंगणात कचरा जाळायच्या भट्ट्या होत्या, लाखांच्या संख्येने. त्या १९५७ मध्ये बंद झाल्या. काळा धूर कमी झाला, ओझोन तिथेच.

आणि तो किती होता? १९५५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ६८० पीपीबी नोंदला गेला, म्हणजे हवेच्या अब्ज रेणूंमागे ६८० रेणू ओझोनचे. आज अमेरिकेचं मानक आठ तासांच्या सरासरीला ७० आहे, त्यावरून अंदाज करा. एक इशारा इथेच देतो, त्या काळचं मोजमाप पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाने व्हायचं, ते ओझोनबरोबर इतर ऑक्सिडंट, म्हणजे ओझोनसारखंच ऑक्सिडाइझ करणारे पदार्थ, पण मोजायचं, आज आपण अतिनील प्रकाश किती शोषला जातो त्यावरून मोजतो. त्यामुळे जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी ठेवून दशांश चिन्हापर्यंत तुलना करणाऱ्याला हात जोडावेत. पण चित्र काय होतं ते चुकत नाही. ते भयंकर होतं.

गाड्यांवर लगाम, आणि पहिली फसगत

१९६० चं दशक म्हणजे आरोपी पटलेला पण शिक्षा कशी द्यायची हे शिकण्याचा काळ. आधी इंजिनच्या क्रँककेसमधून, म्हणजे खालच्या बंद पेटीतून, गळणारी वाफ परत इंजिनात वळवायची साधी तोटी आली, कॅलिफोर्नियात १९६३ च्या नव्या गाड्यांना ती लागलीच. १९६६ पासून कॅलिफोर्नियाने नव्या गाड्यांच्या नळीतून येणाऱ्या हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइडवर मर्यादा घातली, देशात पहिल्यांदा. कंपन्यांनी काय केलं, इंजिनाला हवा जास्त आणि इंधन कमी असं ट्यूनिंग केलं. हायड्रोकार्बन घटलं, जळणं जास्त गरम झालं आणि नॉक्स वाढलं. एक सामान कमी करताना दुसरं वाढवलं. नॉक्सवर कॅलिफोर्नियाची मर्यादा १९७१ च्या गाड्यांपासून आली.

मधे १९६७ मध्ये राज्याचं एअर रिसोर्सेस बोर्ड, म्हणजे हवेचे नियम करणारं मंडळ, कायद्याने तयार झालं, पहिले अध्यक्ष हागेन-स्मिट. अननसवाला माणूस नियम करायला बसला. पुढे १९७५ मध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे गाडीच्या नळीत बसवलेला धूर स्वच्छ करणारा डबा, आणि त्याच्यासाठी शिशाविना पेट्रोल आलं, आणि १९८० च्या आसपास तीन कामं एकत्र करणारा कन्व्हर्टर, म्हणजे हायड्रोकार्बन, मोनॉक्साइड आणि नॉक्स तिन्ही एकाच डब्यात. या डब्याचं जेवढं कौतुक करावं तेवढं कमी. पेट्रोल पंपावर वाफ परत खेचून घेणाऱ्या नळ्या, १९८४ पासून गाड्यांची स्मॉग चेक, १९९६ पासून बदललेलं पेट्रोल, हे सगळं त्याच्यावर रचत गेलं. १९७७ मध्ये चार काउंट्यांसाठी मिळून साउथ कोस्ट नावाची एकच हवा यंत्रणा झाली, कारण धुरकं काउंटीची हद्द बघत नाही हे तोपर्यंत सगळ्यांना कळून चुकलं होतं.

निकाल? एका तासाची पातळी २०० पीपीबीवर गेली की पहिल्या टप्प्याचा इशारा द्यायचे, मुलांना बाहेर खेळू देऊ नका वगैरे. १९७७ मध्ये असे १२१ दिवस. १९९६ मध्ये ७. १९९९ मध्ये एकही नाही. त्या काळात गाड्या वाढल्या, माणसं वाढली, आणि हे झालं. नियमांनी काही होत नाही म्हणणाऱ्याला मी हेच तीन आकडे देतो आणि गप्प बसतो.

पन्नास पट विरुद्ध साडेचार पट

आता खरी मेख. २०१२ मध्ये आलेल्या एका अभ्यासाने जुनी सगळी मोजमापं आणि विमानातून घेतलेली नवी मोजमापं एकत्र लावली, तर १९६० ते २०१० या पन्नास वर्षांत गाड्यांशी संबंधित व्हीओसी तिथल्या हवेत ५० पटीने कमी झालेली दिसली, म्हणजे ९८% घट, आणि तेही इंधनाची विक्री जवळपास तिप्पट झालेली असताना. आणि ओझोन? १९५५ चा ६८० आणि २०१० च्या आसपासचा वर्षातला सर्वोच्च आकडा साधारण दीडशे. साडेचार पट.

पन्नास पट सामान कमी केलं आणि पदार्थ साडेचार पटच कमी झाला. बऱ्याच जणांना इथे वाटतं की म्हणजे काहीतरी घोटाळा आहे. घोटाळा नाही, मघाची टेकडी आहे. व्हीओसीबरोबर नॉक्स पण घटत होतं, पण बरंच सावकाश, आणि शहराच्या मध्यभागी नॉक्स इतकं जास्त होतं की त्याची प्रत्येक घट ओझोन खाणाऱ्यांचीच संख्या कमी करत होती. व्हीओसीने दिलेला फायदा नॉक्सने थोडाथोडा परत घेतला. दुसरं म्हणजे खालची फरशी. समुद्रावरून येणारी हवा रिकामी नसतेच, तिच्यात तीस-चाळीस पीपीबी ओझोन आधीपासून असतो, त्यातला काही वरून उतरलेला, काही पॅसिफिकपलीकडून आलेला. शहराने स्वतःचं सगळं उत्सर्जन बंद केलं तरी आकडा शून्यावर येणार नाही. ६८० असताना ही फरशी कोणाला दिसत नव्हती, मानक ७० झालं आणि ती एकदम पायाला लागायला लागली.

आणि आता रविवार. रविवारी गाड्या तशा फिरतातच, लोक समुद्रावर जातात, बाजारात जातात, त्यामुळे व्हीओसी फारसं घटत नाही. ट्रक मात्र घटतात आणि नॉक्स मुख्यतः त्यांचं. म्हणजे दर आठवड्याला निसर्ग फुकटात प्रयोग करून दाखवतो: व्हीओसी तेवढंच ठेव, नॉक्स झटकन उतरव, बघ काय होतं. ओझोन वाढतो. याचा अर्थ त्या काळचं लॉस एंजेलिस टेकडीच्या चढावर होतं, तिथे नॉक्स थोडंसं कमी करणं तोट्याचंच. काही लोकांनी यावरून 'मग नॉक्स कमी करूच नका' असा सोयीस्कर निष्कर्ष काढला. तो मला पटत नाही, कारण चढ लागला म्हणून परत फिरलं तर पलीकडचा उतार कधीच येत नाही, आणि नॉक्समधून तयार होणारे बारीक कण वेगळे फुप्फुसात जातात ते जातातच.

एका सकाळचा हवेचा गठ्ठा

नकाशा न बघता हे प्रकरण समजत नाही, म्हणून एक उन्हाळी दिवस घेऊ. सकाळी सहा-सात. सॅन पेड्रोच्या बंदरावर जहाजं, क्रेन, ट्रक, रेल्वे इंजिनं. लॉस एंजेलिस आणि लॉंग बीच ही शेजारशेजारची दोन बंदरं मिळून अमेरिकेत येणाऱ्या कंटेनरपैकी साधारण ४०% माल उतरवतात, त्यामुळे नॉक्सला काही तोटा नाही. वर काही शे मीटरवर गरम हवेचं झाकण बसलेलं, खाली थंड हवा, त्याला इन्व्हर्जन म्हणतात, म्हणजे भांड्यावर ताटली. या वेळी ओझोन अगदी कमी, कारण ताजं नायट्रिक ऑक्साइड सगळा खाऊन टाकतं.

नऊ-दहा वाजता समुद्रवारा सुरू होतो आणि हा गठ्ठा आत सरकतो, डाउनटाउनवरून जाताना सकाळच्या गर्दीचा धूर उचलतो. ऊन चढतं. उत्तरेला सॅन गॅब्रिएलची डोंगररांग भिंतीसारखी उभी, म्हणून वारा पूर्वेला वळतो. दुपारी बाराला गठ्ठा अझुसा-ग्लेंडोराच्या बाजूला, ओझोन शंभराच्या दिशेने. दोन-तीन वाजता सॅन बर्नार्डिनो, नायट्रिक ऑक्साइड जुनं होऊन संपलेलं, आता खाणारं कोणी नाही, बनवणं चालूच. चारच्या सुमाराला गरम उतारावरून वर चढत तो क्रेस्टलाइनला पोचतो, साधारण १४०० मीटर उंचीवर, पाइनच्या झाडांत, जिथे लोक शुद्ध हवा खायला जातात. आणि अनेक वर्षं या सगळ्या खोऱ्यातले सर्वात वाईट आकडे तिथल्याच यंत्रावर लागलेत. तिथल्या पॉंडेरोसा पाइनच्या सुया पिवळ्या पडून गळत होत्या, १९५० च्या दशकात कारण कळेना, पुढच्या दशकात कळलं की ओझोन.

शिजवलं एकाने आणि ताट वाढलं दुसऱ्याला, असा हा प्रकार. त्यात आता आतल्या भागात ई-कॉमर्सची गोदामं इतकी झालीत की ट्रक पण तिकडेच जातात, म्हणजे तिथल्या लोकांना समुद्राकडून आलेला जुना ओझोन आणि दारातला ताजा डिझेलचा धूर, दोन्ही. २०२१ मध्ये साउथ कोस्टने एक लाख चौरस फुटांवरच्या गोदामांसाठी नियम केला की तुमच्याकडे येणाऱ्या ट्रकच्या हिशोबाने स्वच्छ गाड्या, चार्जर, सोलर असं काही ना काही करून गुण मिळवा, नाहीतर पैसे भरा.

आकडे वाचताना होणारी गडबड

ट्रेंड बघणाऱ्यांनी इथे दोन मिनिटं थांबावं. 'वाईट दिवस' मोजताना मानकच हलत आलंय. १९७१ मध्ये एका तासाला ८० पीपीबी ऑक्सिडंट, १९७९ मध्ये एका तासाला १२० ओझोन, १९९७ मध्ये पद्धतच बदलून आठ तासांची सरासरी ८०, २००८ मध्ये ७५, २०१५ मध्ये ७०. बातमीत एक ओळ येते की अमुक दिवस मानक ओलांडलं, पण कुठलं मानक ते लिहिलेलं नसतं. हवा तीच असताना दिवस वाढू शकतात.

दुसरी गडबड सरासरीची. शहराच्या मध्यावर नॉक्स घटलं की रात्रीचा आणि हिवाळ्यातला ओझोन वाढतो, कारण त्याला खाणारं कमी झालं. त्याच वेळी उन्हाळ्यातली दुपारची शिखरं खाली येत असतात. म्हणजे एकाच यंत्राच्या डेटावरून एकजण वार्षिक सरासरी काढून म्हणतो ओझोन वाढतोय, दुसरा वर्षातला सर्वोच्च आकडा घेऊन म्हणतो घटतोय, आणि दोघंही बरोबर. हे जगातल्या कितीतरी शहरांत दिसलंय, लॉस एंजेलिस एकटं नाही. माझा कल शिखरांकडे आहे कारण दवाखान्याची पायरी चढायला लावतात ती शिखरं, पण वाद घालण्याआधी समोरचा कुठला आकडा धरून बसलाय ते विचारावं.

डिओडरंट, रंग आणि झाडं

२०१० नंतर घसरण जवळजवळ थांबली. काही वर्षं तर आकडे परत वर. नियम सैल झाले नव्हते, उलट कडक होत होते. मग चाललंय काय?

एक उत्तर २०१८ मध्ये सायन्स मासिकात आलं, ब्रायन मॅकडॉनल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. त्यांनी लॉस एंजेलिसचा हिशोब परत मांडला आणि दाखवलं की पेट्रोलियमपासून येणाऱ्या व्हीओसीपैकी जवळपास निम्मी आता गाड्यांतून येत नाहीत, रोजच्या रासायनिक वस्तूंमधून येतात. रंग, छपाईची शाई, गोंद, कीटकनाशक, फरशी पुसायचं लिक्विड, परफ्यूम. वजनाने लोक इंधन साधारण १५ पट जास्त वापरतात, तरी उत्सर्जन बरोबरीचं कसं? सरळ आहे. पेट्रोल बंद टाकीत राहतं आणि जळून जातं, उडालं तर ती गळती. परफ्यूम उडण्यासाठीच बनवलेलं असतं, उडालं नाही तर गिऱ्हाईक पैसे परत मागेल.

याचा एक छोटा पुरावा फार मजेशीर आहे. डिओडरंट आणि केसांच्या उत्पादनांत डी५ नावाचं सिलिकॉनचं संयुग असतं. कोलोरॅडोतल्या बोल्डर शहरात हवेत ते मोजलं तर सकाळी सर्वात जास्त आणि दिवसभर उतरत जाणारं, कारण लोक आंघोळ करून, फवारे मारून घराबाहेर पडतात आणि मग संध्याकाळपर्यंत त्यांच्या अंगावरून ते उडत राहतं. शहराची आंघोळ हवेत दिसते! पन्नास वर्षांपूर्वी हे असंच होतं, फक्त गाड्यांच्या धुरात बुडून गेलेलं. डिओडरंट वाढलं असं नाही, गाड्या हटल्या आणि मागचा माणूस दिसला.

त्याच्यामागे अजून एकजण उभा निघाला. जून २०२१ मध्ये विमानातून लॉस एंजेलिसवर शेकडो व्हीओसींचं उत्सर्जन थेट मोजलं गेलं आणि २०२४ मध्ये त्याचा पेपर आला. झाडांतून प्रामुख्याने येणारी टर्पीन कुळातली संयुगं वजनाने सगळ्यात जास्त नसली तरी ओझोन आणि बारीक कण बनवण्याच्या ताकदीत निम्म्याहून जास्त वाटा त्यांचा, आणि तापमान वाढलं की हे उत्सर्जन झपाट्याने वाढतं. रंग आणि इंधनाची वाफही गरमीत जास्त उडते. म्हणजे झाडं तोडा असं नाही, तसा अर्थ काढणारे लगेच उभे राहतात म्हणून लिहितो. झाडाच्या व्हीओसीला ओझोन बनवायला नॉक्स लागतंच आणि ते झाड देत नाही.

२०२० हे वर्ष यातलं सगळं एकत्र घेऊन आलं. मार्च-एप्रिलमध्ये लॉकडाउनमुळे रस्ते ओस, नॉक्स स्पष्ट खाली. ज्यांना वाटलं आता ओझोनची सुटका, त्यांनी उन्हाळा बघायला हवा होता. ६ सप्टेंबरला वुडलंड हिल्समध्ये पारा ४९.४ अंशांवर गेला, डोंगरात वणवे पेटले, त्या धुरातही व्हीओसी भरपूर, आणि वर्षअखेर हिशोब आला की साउथ कोस्टमध्ये १५७ दिवस ७० पीपीबीचं मानक ओलांडलं गेलं, १९९० च्या दशकानंतर सगळ्यात जास्त. उन्हाळ्यापर्यंत ट्रॅफिक बरंचसं परतलं होतं हे खरं, पण त्या वर्षी बाजी मारली ती उष्णतेने.

आता कुठे आहोत

साउथ कोस्टचा २०२२ चा आराखडा सांगतो की ७० पीपीबी गाठायचं तर २०३७ पर्यंत, आधीच मंजूर झालेले नियम पूर्ण राबवून जेवढं नॉक्स उरेल, त्यातलं अजून ६७% कमी करावं लागेल. व्हीओसी नाही, नॉक्स. म्हणजे त्यांनी टेकडी ओलांडायचं ठरवलंय. अडचण अशी की उरलेलं बरंचसं नॉक्स जहाजं, विमानं, रेल्वे इंजिनं आणि राज्याबाहेरून येणारे ट्रक यांचं आहे, आणि त्यांच्यावर स्थानिक यंत्रणेची सत्ता फारच थोडी, काही वॉशिंग्टनच्या हातात तर काही आंतरराष्ट्रीय करारांच्या. घरातल्या गॅसच्या गीझरपर्यंत नियम न्यायची भाषा त्यामुळेच सुरू झाली, जे हातात आहे ते पिळायचं.

टेकडी खरंच ओलांडली जातेय का हे बघायला मी परत रविवारकडेच जातो. १९९६ ते २०१४ चा डेटा बघितलेल्या अभ्यासाला रविवारचा जादा ओझोन हळूहळू कमी होताना दिसला, आणि तापलेल्या दिवसांत तर तो फरक जवळपास दिसेनासाच. ज्या दिवशी झाडं आणि वाफ मिळून व्हीओसी भरपूर असतात त्या दिवशी नॉक्स कमी पडणं म्हणजे ओझोन कमी. पूर्वेकडचा डोंगराजवळचा भाग शिखरावरून पलीकडे झुकतोय, डाउनटाउन आणि किनारा अजून अलीकडच्याच बाजूला. ज्याला स्वतः बघायचंय त्याने क्रेस्टलाइन आणि डाउनटाउन दोन्हीकडचे जून ते सप्टेंबरचे रोजचे आठ तासांचे सर्वोच्च आकडे घ्यावेत, रविवारच्या सरासरीतून बुधवारची वजा करावी, आणि ३५ अंशांवरचे दिवस वेगळे काढून तेच परत करावं. दोन्ही ठिकाणी उत्तर उणे आलं की समजायचं, आता ट्रक कमी होतील तसा ओझोन पण सरळ कमी होईल. तोपर्यंत रविवारी दुपारी डोंगरावर फिरायला जाणाऱ्याने आधी आकडा बघून जावं.